अक्काने पाहिलेली मुंबई

भातं कापून, झोडून घरात येऊन पडली की आमच्या भागात एक रिकामा काळ सुरू होतो. शेतात नुसते खुंट उरतात. जिथं ओल टिकून असते तिथं वाल पेरलेला असतो, तो हळूहळू डोकं वर काढतो. सकाळी नदीवर धुकं बसलेलं असतं. उन्हं चढली की ते उठतं आणि माथेरानचा डोंगर एकदम चार पावलं पुढं येऊन उभा राहतो. लांबच्या कड्यावरची एकेक घळ दिसू लागते. लोकांना हे दिवस फार आवडतात. लग्नं ठरतात, पाहुणे येतात, संध्याकाळी शेतात शेकोट्या पेटतात. मला मात्र या दिवसांत घरात बसवत नाही आणि बाहेर गेलं तर बाहेरही करमत नाही. नोकरी संपवून कर्जतला राहायला आलो त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी हवेत तो कोरडा गारवा आला की मला अक्का आठवते, आणि तिच्याबरोबर हिंडलेली ती एका हिवाळ्याची मुंबई.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, यमुना. आमचं गाव चौकच्या बाजूला, इर्शाळच्या डोंगराच्या पायथ्याशी. वडील मी पहिलीत असतानाच गेले. आमच्या वाटणीचं शेत आई चुलत्यांच्या मदतीनं बघायची. अक्काचं लग्न मुंबईला गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणाऱ्या माणसाशी झालं आणि ती परळच्या एका चाळीत राहायला गेली. पहिली काही वर्षं ती गौरी-गणपतीला यायची. चौकच्या नाक्यावर उतरून शेतांच्या बांधाबांधानं घराकडे यायची, आणि बांधावरूनच मला हाक मारायची. पुढं तिचं येणं कमी झालं. दमा आहे, प्रवास सोसत नाही, असा निरोप यायचा. आई म्हणायची, "मुंबईची हवाच वंगाळ." तेवढ्यावर तो विषय संपायचा.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी दसऱ्यानंतर मला फोर्टमधल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम शिकण्यासाठी जागा मिळाली. कापणीला नुकती सुरुवात झाली होती. ऐन कामात घरातला एक हात जातो म्हणून चुलते माझ्याशी बोलेनात. आईनं तांदळाचं बोचकं बांधून दिलं, एस.टी.पर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "बहिणीला धरून ऱ्हा, दत्तू." गाडी हलली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं भात उभं होतं आणि बायका ओणव्या होऊन कापत होत्या. कुणी वर बघितलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं. गावातला एक मुलगा मुंबईला चाललाय, तर निदान कापणी थांबवून कुणीतरी बघावं, असं वाटण्याचं ते वय होतं.

चाळीतल्या त्या खोलीत आम्ही तिघं. अक्का, तिचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणायचो, आणि मी. दाजी उंच, वाळके, अबोल. साच्यांच्या खडखडाटानं त्यांच्या कानांना दडे बसले होते. त्यामुळे ते बोलायचेच कमी, आणि बोलले की सगळ्या मजल्याला ऐकू जायचं. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल चाळीत कुजबुज चालायची. ती दाजींना ऐकू येत नसे, अक्काला येत असे.

आठवडाभर छापखान्यात बोटं काळी करायची आणि रविवारी शहर बघायचं, असा माझा क्रम ठरला. पहिले दोन-तीन रविवार मी एकटाच भटकलो. त्या वेळी परळवरून ट्राम जायची. मी वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडायचो आणि ती नेईल तिथं जायचो. परत आलो की अक्का स्टोव्हपाशी बसून विचारायची, "आज कुठं गेलावतास?" आणि मग तिचे प्रश्न सुरू व्हायचे. तिथं बायका येतात का? त्या कसं नेसतात? बसायला काही असतं का? पाणी मिळतं का प्यायला? मी सांगत सुटायचो. एकदा चौपाटीचं सांगताना मी सहज म्हणालो, "तुला सांगायला कशाला पायजे, तू तर बघितलीच असशील."

ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "नाय."

"येवढी वर्षं हितं हायस आन समुद्र नाय बघितलास?"

"बघितला की. लग्न होऊन आलो तवा ह्यांनी टॅक्सीतनं दाखवला हुता. काळोख झालता रं. नुसता आवाज आला."

मी हसलो. तीही हसली. दाजी भिंतीला टेकून बसले होते, त्यांना काही ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. पण पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी नळावरून पाणी आणून पिंप भरलं, तांदूळ निवडायला घेतले आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "जा तुमी दोघं. हितलं मी बघतो." गिरणीतला माणूस रविवारी घरी बसून भात शिजवतो आणि बायको भावाबरोबर फिरायला जाते, हे आमच्या मजल्यावर नवीन होतं. गॅलरीत उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अक्कानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. ती मान खाली घालून जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर मात्र तिनं मान वर केली आणि मला म्हणाली, "चल रं, भरभर."

भरभर तिला कधीच चालता आलं नाही. चार दुकानं ओलांडली की ती थांबायची आणि दुकानातलं काहीतरी बघितल्यासारखं करायची. बरण्या, कुलपं, छत्र्या, जे समोर असेल ते. मला वाटायचं, हिला सगळ्याचंच अप्रूप. ट्राममध्येही ती खालीच बसायची. "वर भ्या वाटतं," म्हणायची. लहानपणी चिंचेच्या शेंड्याला चढून बसणारी ही माझी बहीण ट्रामच्या जिन्याला घाबरते, याचं मला नवल वाटायचं. पण शहर माणसाला बदलतं असं ऐकलं होतं, तसंच काहीसं असेल, असं मी धरून चाललो.

चौपाटीवर ती पाण्याच्या रेषेपासून लांबच बसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं सगळं पाणी बघून घेतलं. मग म्हणाली, "दत्तू, ह्याला पलीकडला बांध नाय?"

"नाय. दिसत नाय."

"मंग कुणाचा किती, ते कसं कळतं?"

आमच्याकडे चुलत्यांनी वडिलांच्या माघारी एक बांध हळूच सरकवला होता. त्यावरून आई आणि ते महिनोन्‌महिने बोलले नव्हते. त्या भांडणात वाढलेल्या मुलीनं समुद्राकडे बघून विचारलेला तो प्रश्न होता. मी लाटांत पाय घालून आलो. तिनं फक्त वाळूत तळवे रुतवले आणि डोळे मिटून घेतले. उठताना तिला माझ्या हाताचा आधार घ्यावा लागला.

त्यानंतर आम्ही किती हिंडलो! एका रविवारी म्युझियमला गेलो. तिथं पेंढा भरून ठेवलेले पक्षी होते. अक्का एकेका काचेपाशी थांबून ओळखी पटवत राहिली. हा आपला कुंभारकावळा, हा खंड्या, ही बघ सातभाई, ही तर आपल्या परड्यात येती. तिचा चेहरा माहेरी आल्यासारखा झाला होता. मग एकदम तिच्या लक्षात आलं की सगळ्यांचे डोळे काचेचे आहेत. ती मागं सरली. "चल," म्हणाली, "मेल्यावर सुदिक बसवून ठेवलंय बिचाऱ्यांना." बाहेर आलो आणि समोरच्या झाडावर कावळा ओरडत होता, त्याच्याकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

एकदा सांताक्रूझला विमानं बघायला गेलो. तेव्हा लोक खास विमानं बघायला जायचे, मुलांना खांद्यावर बसवून. मी विमानांकडे बघत होतो आणि अक्का माणसांकडे. कुणी एक तरुण परदेशी चालला होता, त्याच्या गळ्यात हार होते. त्याची आई कठड्याला धरून उभी होती. विमान वर गेलं, बारीक झालं, दिसेनासं झालं. लोक परतले. ती बाई तिथंच उभी. अक्का तिच्याजवळ गेली. ती बाई आमच्या भाषेतली नव्हती. अक्कानं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. बसमध्ये अक्का मला म्हणाली, "तिला वाटत आसंल, अजून दिसंल. म्हणून हलत न्हवती." मी म्हणालो, "तुला काय पडलंय त्या बाईचं?"

आता माझ्या आजूबाजूची सगळी मुलं रोज मुंबईला जातात. कर्जत, नेरळ, शेलू, सगळीकडून. सकाळी निघतात, दिवे लागले की परततात. मी कधी विचारतो, समुद्रावर गेला होतास का इतक्यात? ती हसतात. त्यांना वेळ नाही हे मला कळतं. मीही पुढं तीसेक वर्षं त्या शहरात राहिलो, संसार केला, आणि त्या सगळ्या वर्षांत मिळून जेवढी मुंबई बघितली नसेल, तेवढी त्या एका हिवाळ्यात बघितली. आमच्याकडे घाई नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

मार्गशीर्ष सरत आला होता. रात्रभर उत्तरेचा वारा सुटला होता आणि सकाळी हवा धुतल्यासारखी झाली होती. त्या रविवारी अक्का म्हणाली, "आज जवळच कुठंतरी जाऊ." मी तिला शिवडीला घेऊन गेलो. तिथं खाडीच्या काठी एक जुना पडका किल्ला आहे. त्याच्या टेकाडावरून पलीकडचं सगळं दिसतं, असं छापखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. वाट फार उंच नव्हती. अक्का पदर खोचून चढली. मध्ये मध्ये थांबली. मी पुढं जाऊन तिची वाट बघायचो आणि चिडवायचो. शेवटी ती वर आली, कठड्याला टेकली आणि खाडीच्या पलीकडे बघत उभी राहिली.

खाली चिखल चकाकत होता. पुढं पाणी, पाण्यात गलबतं, आणि पाण्यापलीकडे निळ्या डोंगरांची रांग.

"दत्तू, इर्शाळ."

"खुळी हायस का अक्का? कुठं शिवडी आन कुठं इर्शाळ."

"खुळी तर खुळी. तो उजव्या अंगाला अंगठ्यासारका सुळका, तो कर्नाळा हाय का नाय? हिकडं लांबोडका प्रबळ. आन प्रबळच्या कुशीला ते काय हाय मंग?"

मी डोळ्यांवर हात धरला. प्रबळच्या आडव्या माथ्याला लागून एक बारीक टोक होतं. आम्ही आयुष्यभर त्याच्या पलीकडच्या अंगाला राहिलो होतो. दुसऱ्या बाजूनं तो कसा दिसतो हे आम्हाला माहीत नव्हतं. पण तो इर्शाळच होता. त्या टोकाच्या मागं आमचं घर होतं. घराच्या अंगणात या वेळी आई झोडलेलं भात वारवत असणार होती.

"हितनं दिसतो," अक्का म्हणाली. "चाळीपासनं हितं यायला काय लागतं! आन मी येवढी वर्षं..." ती हसायला लागली. हसता हसता तिचा श्वास अडकला. ती खाली बसली. मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते. कपाळावर घाम होता आणि गळ्यापाशी एक शीर थाडथाड उडत होती.

मी धावत खाली गेलो. वाटेत एका पहारेकऱ्याची झोपडी होती, तिथून तांब्याभर पाणी घेऊन आलो. ती हळूहळू पाणी प्याली. ओठांचा रंग उतरायला खूप वेळ लागला. मग ती म्हणाली, "घाबरलास? हा दमा नाय रं. काळीज हाय. लहानपणी सांधे सुजून ताप आला हुता मला, तवाच त्यानं काळीज धरलं म्हणं. आतली झडप बारीक झालीया."

"दाजींना म्हाईत हाय?"

"त्यांनीच तर नेलं हुतं दवाखान्यात. डाक्टर म्हणाला, आता कापाकापी सोसायची नाय हिला. जड उचलू नका, जिने चढू नका. पोर तर नकोच म्हणाला."

"आन आईला?"

"आईला कशाला? तिथं बसून काय करणार ती? नुसती झुरंल."

"मंग हा डोंगर कशाला चढलीस?" मी ओरडलो. मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी ओरडत होतो.

"डोंगर कुठला रं, टेकाड हाय," अक्का म्हणाली आणि पुन्हा पलीकडे बघू लागली.

आम्ही खूप वेळानं उतरलो. एका एका पायरीवर थांबत. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि त्याला वजनच नव्हतं.

संध्याकाळी अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी दाजींना गॅलरीत बोलावलं. म्हणालो, आजपासून फिरणं बंद. दाजींनी गजांना धरून खाली रस्त्याकडे बघितलं. मग ते हळू आवाजात बोलले. त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मी डाक्टरला इचारलं हुतं. बसवून ठिवली तर किती दिस, आन फिरू दिली तर किती. तो म्हणाला, नक्की काय सांगता येत नाय, दोन्हीकडनं. मंग मी तिलाच इचारलं. ती म्हणाली, दत्तू आलाय, त्याच्यासंगं जाऊ द्या."

"पण मंग तुमी का नेलं नाय तिला? येवढ्या वर्षांत?"

"नेली हुती," दाजी म्हणाले. "दवाखान्याचं कळल्यावर दोन-चारदा नेली, हितंच बागेबिगेत. पण मी संगं असलो का ती माझ्याकडंच बघती. मला किती वाईट वाटतंय, ते बघती. तुझ्यासंगं ती शेहर बघती." थोडं थांबून ते म्हणाले, "तू बंद करू नको. हळू ने."

त्यानंतरही आम्ही गेलो. पण ते हिंडणं पहिल्यासारखं राहिलं नाही. मला आता शहर दिसत नव्हतं. बागेत गेलो तरी मी तिच्या ओठांचा रंग बघायचो. इराण्याच्या हॉटेलात तिनं पहिल्यांदा बशीतून चहा पीत मस्का लावलेला पाव खाल्ला, तेव्हाही मी तिचा श्वास मोजत होतो. तिच्या ते लक्षात आलं. "माझ्याकडं काय टकामका बघतोस?" ती म्हणाली. "ती बघ, ती पारशीण बघ, कशी झकास छत्री घिऊन चाललीय." मी छत्रीकडे बघितलं. छत्री कुठल्या रंगाची होती हे आता अजिबात आठवत नाही. त्या वेळचे अक्काचे ओठ मात्र आठवतात.

एका रविवारी ती ट्रामपाशी येऊन थांबली आणि म्हणाली, "आज वर बसू." मी नको म्हणालो. ती ऐकेना. मी तिच्या मागं उभा राहिलो, ती जिन्याचा दांडा धरून एकेक पायरी चढली. कंडक्टरनं घाई केली नाही. पुढची जागा रिकामी होती. आम्ही बोरीबंदरपर्यंत गेलो आणि त्याच ट्रामनं परत आलो. दुकानांच्या पाट्या, दुसऱ्या मजल्यांच्या खिडक्या, खिडकीत वाळत घातलेले कपडे, कुंडीतली तुळस, आरशासमोर वेणी घालणारी मुलगी, हे सगळं तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून जात होतं. ती वाकून वाकून बघत होती असं मला आठवतं. घरात लोक कसे राहतात ते तिला बघायचं होतं. तिचंही असंच एक घर होतं, पण ते कुणी ट्राममधून बघितलं असेल असं तिच्या मनात कधी आलं नसेल.

माघात तिचं चालणं आणखी कमी झालं. शेवटचा रविवार आम्ही ट्रामच्या थांब्यावरच घालवला. तिथं एक बाक होतं. "आज हितंच बसू," ती म्हणाली. ट्राम यायची, थांबायची, घंटा वाजवून निघून जायची. कंडक्टर हातानं खुणावायचा, येता का? अक्का मान हलवून नाही म्हणायची. कुणी उतरलं की ती माझ्या कानाशी सांगायची, हा सासुरवाडीला चाललाय, त्याच्या हातातली पिशवी बघ. ही भांडून आलीय. ह्या पोराचा आज पेपर असंल. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथं बसलो. मग ती उठली आणि आम्ही घरी आलो.

त्याच आठवड्यात, दुपारी, छापखान्याच्या दारात दाजी येऊन उभे राहिले. त्यांची रातपाळी होती, त्यामुळे ते दिवसा घरी असायचे. अंगात धुतलेला सदरा होता आणि त्याची बटणं वरखाली लागली होती. यंत्रांचा आवाज चालू होता. मी हातातली खिळ्यांची पट्टी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ गेलो. "खिडकीपाशी बसली हुती," ते म्हणाले. "मी चहा करत हुतो." एवढंच. रस्त्यानं आम्ही चालत निघालो. ट्राम मागून येऊन आम्हाला ओलांडून गेली, आणि आम्हा दोघांपैकी कुणाच्याही मनात तिच्यात बसायचं आलं नाही.

आईला निरोप पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मुंबईतले विधी संपल्यावर दाजी आणि मी गावी गेलो. चौकला उतरून बांधावरून चालत घराकडे गेलो. वालाला पांढरी-जांभळी फुलं आली होती. दाजी मागं मागं येत होते. आई ओटीवर बसली होती. ती उठली नाही. मला जवळ घेतलं, दाजींकडे बघितलं नाही.

दाजी अंगणातच बसले, खळ्याच्या कडेला, उन्हात. दोन दिवस ते तिथंच बसून राहिले. त्यांना कुणी जा म्हणालं नाही आणि वर या असंही म्हणालं नाही. चुलत्यांच्या घरून जेवण यायचं. आई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची. निवडून झालेलेच पुन्हा निवडायची. मध्येच म्हणायची, कुणालाच उद्देशून नाही, पण अंगणात ऐकू जाईल अशा बेतानं, "माजी पोर खुराड्यात मेली. चार भिती बघितल्या तिनं नुसत्या. एक नळ आन चार भिती." दाजी खाली मान घालून ऐकत असायचे. दडे बसलेल्या त्या कानांना नेमकं हे सगळं ऐकू येत होतं, हे त्यांच्या मानेवरून कळायचं.

तिसऱ्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी आईजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "आई, अक्कानं समुद्र बघितला."

आईचा हात सुपात थांबला. "कधी?"

"मी नेलं तिला. दिवाळीच्या आसपास. वाळूत बसली हुती. मला म्हणाली, ह्याला पलीकडला बांध नाय."

आईच्या तोंडावर काहीतरी हललं. तिनं सूप मांडीवर टेकवलं. "आन मंग?"

मी म्युझियमचं सांगितलं, पक्ष्यांचं सांगितलं. आई म्हणाली, "सातभाई? काचेत? आन मंग?" मी विमानांचं सांगितलं. इराण्याचा चहा, ट्रामचा वरचा मजला, खिडक्यांतली माणसं. शिवडीच्या टेकाडावरून इर्शाळ दिसतो हे सांगितलं, तेव्हा आईनं मान वळवून आमच्या परसामागच्या त्या डोंगराकडे बघितलं, जणू तो तिच्यापासून काही लपवत आला होता. "घर दिसतं का तिथनं?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. "आन मंग?"

मग काहीच नव्हतं. मग थांब्यावरचं बाक होतं आणि त्यानंतरची दुपार. आई माझ्याकडे बघत होती. पाण्याला तोंड लावलेल्या माणसाचा तांब्या काढून घ्यावा, तसं मला थांबणं वाटलं. मी म्हणालो, "मंग एकदा आमी बोटीनं घारापुरीला गेलो."

आम्ही घारापुरीला कधीच गेलो नव्हतो. अक्का बोटीत कधी बसलीच नव्हती.

"बोटीत? भ्याली आसंल."

"नाय. पार पुढं जाऊन बसली. वारा लागतो म्हणाली तिथं. लाट आली का हसायची." मी सांगत गेलो. मला थांबता येत नव्हतं. दगडातले देव, बेटावरची माकडं, परत येताना पाण्यावर पडलेलं ऊन. अंगणात दाजींनी मान वर केली होती. ते माझ्याकडे एकटक बघत होते. दर रविवारी घरी परतल्यावर अक्का त्यांना सगळं सांगायची. कुठं गेलो आणि कुठं गेलो नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी बोलायचा थांबलो.

मग दाजी आपल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "हां. त्या दिशी पदर सारा खारा झाला हुता तिचा. पाण्यानं. सुकल्यावर कडक झाला. मीच धुतला."

आईनं सुपातले तांदूळ एका बाजूला सारले.

"तुमी धुतला?" आईनं विचारलं.

"मीच. तिला वाकवत न्हवतं."

आईनं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, ओटीच्या कडेपर्यंत आली आणि आल्यापासून पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"पाव्हणं," ती म्हणाली, "उन्हात का बसलाव? वर सावलीला या."